आई 'वाढव' म्हणाली

आमच्या घरात कधी काही संपलं नाही. मीठ संपायचं नाही, मीठ वाढायचं. "मीठ वाढलंय, येताना आण," असा आईचा निरोप आला की समजायचं, डबा रिकामा झाला. लहानपणी मी हे ऐकून एकदा डबा उघडून पाहिला होता. मीठ वर येऊन सांडत असेल अशी माझी समजूत. आत पांढरट ओल तेवढी होती.

बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. वाणी रोज दुपारी दुकान वाढवून जेवायला जायचा. इथवर मराठी मुलखातल्या पुष्कळ आया बोलतात, त्यात नवल नाही. पण माझी आई त्यांच्या चार पावलं पुढे होती. सापाला ती लांबडं म्हणायची आणि बिबट्याला तर नावच नव्हतं, "त्यो" एवढंच. "रातच्याला त्यो खाली आलता." सगळ्यात मोठी बंदी 'विझव' या शब्दावर होती. हा शब्द तिच्या मते जिथला तिथे, ओढ्याकाठच्या स्मशानातच राहायला हवा. माझ्या वडिलांच्या चितेवर तिसऱ्या दिवशी पाणी ओतताना कुणीतरी तो मोठ्याने बोललं होतं, ते तिच्या कानातून गेलं नाही. आमच्या घरात चूल वाढवायची, देवापुढचा दिवा वाढवायचा. वीज आली तशी ट्यूबही वाढवायला लागलो. माझ्या मोबाईलची टॉर्च चुकून चालू राहिली तरी ती म्हणायची, "ती बॅटरी वाढव की, डोळ्यावर येतीया."

"वंगाळ शब्द तोंडातनं सुटला की घर हुडकत येतो," हे तिचं म्हणणं. मी भोरच्या शाळेत मराठी शिकवते, शब्दांवरच माझं पोट आहे, तेव्हा मला याचं हसू यायचं. हसायचे आणि घरात असेपर्यंत तिच्यासारखीच बोलायचे. तिच्याशी वाद घालणं म्हणजे ढेपेला मुंगळ्यापासून वाचवण्यासारखं होतं, शेवटी मुंगळाच जिंकतो.

आमची वाडी पासलीच्याही पुढे, वेल्ह्याहून टेम्पोने जावं लागतं अशी. डोंगराच्या पोटाशी मोजकी घरं, खाली भाताची खाचरं, वर चढावर कारवी आणि गवत. माझा संसार भोरला. आई मात्र एका गाईसाठी वाडी सोडायला तयार नव्हती. मी शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायचे आणि रविवारी परतायचे. मधले दिवस ती एकटी. हीच माझी जुनी काळजी होती आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आमच्या खाचरांच्या वरच्या चढावर पुण्याच्या एका माणसाने जमीन घेऊन पर्माकल्चरचं केंद्र काढलं होतं. सगळे त्यांना दादा म्हणत. मातीची घरं, पावसाचं पाणी साठवायची तळी, एकाच वाफ्यात दहा तऱ्हेची झाडं. निसर्गाला न ओरबाडता कसं जगावं हे शिकायला तिथे परदेशातल्या कॉलेजांची मुलं येत आणि एक सत्र काढून जात. वाडीतले लोक त्याला गोऱ्यांचा मळा म्हणत. थट्टा करत पण सणाला बोलवतही. दादा माणूस म्हणून चांगले होते. सांगायचंच तर थोडे हट्टी, पण मी तरी कुठे मऊ आहे!

मुलांनी काही दिवस गावातल्या घरी राहून तिथलं काम शिकायचं असा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. दादांनी मला विचारलं, तुमच्या आईंकडे एक मुलगी राहिली तर चालेल का. मी जरा जास्तच पटकन हो म्हटलं. आईला सोबत होईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आईने मात्र चुलीपुढे बसून बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "परक्याची पोर हाय. धड आली तशी धड माघारी गेली पायजे. तेवढं जमंल का आपल्याला?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले.

ती दिवाळीनंतर आली. थंड देशातली, उंच, हाडापेराने मजबूत, नाकावर उन्हाने लाल झालेली. तिला भात शिकायचा होता. तिच्या कॉलेजात तिने भातावर पुष्कळ वाचलं होतं, पण हातात रोप धरलं नव्हतं. आवणी होईपर्यंत राहायचं आणि चिखलात उभं राहून आपल्या हाताने रोपं लावायची, मगच घरी जायचं असं ठरवून आलेली. आईने पहिल्याच आठवड्यात तिला अंगणात गवताच्या काड्यांची मूठ करून दिली. आवणीला रोपांची जुडी अशीच मुठीत धरतात, अंगठ्याने एकेक रोप सुटं करतात आणि चिखलात खोचतात. ती पोर येता जाता गवताची मूठ धरून अंगठा चालवायची. आई बघायची आणि म्हणायची, "हात लई गुणाचं हायेत पोरीचं."

शनिवारी संध्याकाळी पडवीत तिला मराठी शिकवणं माझ्याकडे होतं. ती मला बाई म्हणायची आणि आईला आई. थोड्याच दिवसांत तिची मराठी अशी झाली की क्रियापदं माझी, शब्द आईचे. "बाई, आज मी लई श्रमलेली आहे," असलं काहीतरी. आम्ही हसलो तर तीही हसायची, चिडायची नाही.

'वाढ' या शब्दाशी तिची गाठ पडली ती जेवताना. आईने भाताचं पातेलं पुढे सरकवून सांगितलं, "वाढ गं." मी समजावून सांगितलं की वाढणं म्हणजे ताटात घालणं. झाड वाढतं तेही वाढणं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातली, आईनेच भरलेली हिरवी बांगडी जात्यावर आपटून फुटली आणि आई म्हणाली, "वाढली वाटतं." पोरीने तुकडे हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळंच सांगावं लागलं. मीठ, नारळ, दुकान, दिवा.

ती इतकी हसली की गाय दचकली. म्हणाली, "बाई, आमचे सगळे प्राध्यापक सांगतात की जगाला वाढीचा रोग झाला आहे. वाढ, वाढ, वाढ, आणि शेवटी सगळं संपणार. आणि आईंच्या भाषेत वाढ म्हणजेच संपणं!" मला ते गमतीचं वाटलं. आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने बांगडीचे तुकडे उचलून तुळशीपाशी नेऊन ठेवले.

तेव्हापासून घरात एक चाळाच सुरू झाला. आई काही वाढव म्हणाली की पोर विचारायची, "भाताचं का बांगडीचं?" आई म्हणायची, "भाताचं" किंवा "बांगडीचं", आणि काम व्हायचं. निघतानाचंही मी तिला शिकवलं होतं. मराठी माणूस दारातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो, आणि घरातला माणूस जा म्हणत नाही, ये म्हणतो. तिला ते पटायला वेळ लागला. जाते आहे तर येते का म्हणायचं? पण मग ती वर मळ्यात निघाली तरी दारातून ओरडायची, "येते, आई!" आणि आतून उत्तर यायचं, "ये गं बाय."

संक्रांत झाली, थंडी ओसरली, आणि मला ते गवत दिसायला लागलं.

तसं ते आधीपासून होतंच. दादांच्या मळ्यात जमीन उघडी ठेवायची नाही असा नियम होता. कापलेलं सगळं गवत, पालापाचोळा, भाताचा पेंढा चढावर अंथरलेला. ओल टिकते, माती वाहत नाही, किडेगांडुळं वाढतात. भाताची वाढ, बांगडीची नव्हे. पावसाळ्यानंतर ते शहाणपणाचंच दिसत होतं. पण शिमग्याच्या सुमाराला ते पांढरं पडलं. गुडघाभर वाळलेलं गवत आमच्या घराच्या वर, थेट खाचराच्या बांधापर्यंत पसरलेलं. दुपारी गरम वारा सुटला की ते सगळं एकदम खसखसायचं, आणि कुणीतरी उतारावरून पाय ओढत खाली येतंय असं वाटायचं.

दरवर्षी या दिवसांत वाडीतले लोक डोंगर आणि घरं यांच्यामध्ये एक पट्टा जाळून काढत. वरून वणवा आला तर त्याला खायला काही राहू नये म्हणून. यंदा मळा खाली बांधापर्यंत सरकल्याने तो पट्टा मळ्याच्या हद्दीत येत होता आणि मळ्यात काहीही जाळायचं नाही हा दादांचा पहिला नियम. मी वर जाऊन त्यांच्याशी बोलले. भांडलेच म्हणा ना. ते शांतपणे म्हणाले, "बाई, वरचा थर वाळलाय, खाली हात घालून बघा." मी घातला. खरंच खाली गारवा होता, काळी भुसभुशीत माती बोटांना लागली. "आणि तळी भरलेली आहेत," ते म्हणाले. तेही खरं होतं. मी खाली आले तेव्हा भीती होती तशीच होती.

समोरच्या डोंगररांगेवर तिन्हीसांजेला वणवे दिसायला लागले होते. अंधार पडायच्या वेळी काळ्या डोंगरावर तांबडी वाकडी रेघ उमटायची आणि हळूहळू सरकायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोर म्हणाली, "किती सुंदर!" आई वणवा म्हणायची नाहीच. "डोंगरानं माळ घातली," एवढंच बोलून पाठ फिरवून आत गेली आणि गाईला उगाच पेंढा टाकत बसली. मी पोरीला माळेचा अर्थ सांगितला. झऱ्याचं पाणी त्या आठवड्यात करंगळीएवढं झालं होतं.

मला स्वच्छ आठवतं, त्या शनिवारी मी आईला म्हणाले, "हिला आता वर मळ्यातच राहू दे. उन्हाळा गेला की येईल." आई म्हणाली, "आन् वर काय कमी गवात हाय?"

मग राब भाजायचा हंगाम आला. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, त्यावर शेण, झाडाची टहाळं, गवत, पाला असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप तरारून येतं. आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. राब सावकाश जळला पाहिजे. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला की आग मागे मागे सरकत जाते, आणि कडेला ओली माती आणि हिरवी डहाळी घेऊन माणूस उभं राहतं. दादांना ते मान्य नव्हतं, तरी त्यांनी मुलीला बघायची परवानगी दिली होती. बघून ये, हात लावू नकोस, असं. मी आईला फोनवर बजावलं होतं की मी रविवारी घरी असेन, तेव्हाच भाजू. ती हो म्हणाली होती.

पण वाडीतल्या बाकीच्यांचे राब भाजून झाले होते. शनिवारी सकाळी वारा अगदी पडलेला होता. असा पडलेला वारा पुन्हा मिळेल न मिळेल, असं आईच्या मनाने घेतलं. तिने ठरवलं आणि पोरगी सोबत गेली. बघायला गेली, आणि आईला एकटीला टहाळं ओढताना बघून तिच्याने राहवलं नाही.

त्या दुपारी मी भोरहून एसटीत बसले होते. गडाखालच्या पालीकडे जाणारी ट्रेकची पोरं वाटेत आपल्या पिशव्या सांभाळत उतरली, गाडी हलकी झाली आणि मला खिडकी मिळाली. लांब वेल्ह्याच्या अंगाला धूर दिसत होता. मला काहीसुद्धा वाटलं नाही. या दिवसांत आमच्याकडे सगळीकडे धूर असतो, इथे राब, तिथे बांध. मी उलट ऊन चुकवायला डोक्यावर पदर घेतला आणि डुलकी काढली. वेल्ह्याला टेम्पोवाला म्हणाला, "तुमच्या अंगालाच हाय वाटतं, बाई." मी त्याला बाकीच्या सवाऱ्यांसाठी थांबू दिलं नाही. टेम्पो चढावर लागला तसा जळक्या गवताचा वास यायला लागला. वळण घेतलं आणि समोर दादांचा चढ काळा दिसला. पांढरा होता तो काळा. मध्येमध्ये अजून धूर निघत होता, आणि माणसं घागरी घेऊन वर पळत होती.

घर उभं होतं. गाय सोडलेली, खाली ओढ्यात उभी. आई अंगणात बसली होती, केसांची टोकं करपलेली. आणि पोरगी पडवीच्या पायरीवर, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याच्या पातेल्यात बुडवून. ते भाताचं पातेलं होतं. ती रडत नव्हती. तिचे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात.

काय झालं ते मला दोघींकडून तुकड्यातुकड्याने कळलं.

सकाळपासून आई तिला टहाळं रचायला सांगत होती आणि थट्टेने म्हणत होती, "वाढ गं वाढ, राबाला पोटभर वाढ. उपाशी ठिवू नगंस." पोर विचारायची, "भाताचं?" आणि आई म्हणायची, "भाताचं तर! भातासाठीच चाललंय सगळं." दोघी हसत होत्या. राब पेटला, नीट मागे सरकायला लागला. आई एका टोकाला, पोर दुसऱ्या टोकाला, बांधापाशी. बांधापलीकडे मळ्याचं गवत. मग वारा उठला. आईच्या म्हणण्याप्रमाणे कुणी कूस बदलावी तसा उठला. पोरीच्या बाजूला एक जीभ बांधाकडे वळली. लहानशी, हातभर. डहाळीच्या चार फटक्यांत गेली असती.

आई या टोकावरून ओरडली, "वाढव!"

पोरीने विचारलं होतं. ते तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. "मी विचारलं, बाई. भाताचं का बांगडीचं, मी मोठ्याने विचारलं." पण टहाळं तडतडत होती, धूर दोघींच्या मध्ये होता. आईला ऐकू आलं नाही. आईला एवढंच दिसलं की पोर नुसती उभी आहे. ती घसा फोडून पुन्हा ओरडली, "वाढव, पोरी! वाढव की! वाढव!"

पोरीला वाटलं, आग मंदावली म्हणून आई रागावली. तिने पायाशी पडलेला पाल्याचा भारा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या जिभेला वाढला.

पुढचं सांगायला फार नाही. भडका बांधावरून पलीकडे गेला. आईच्या तोंडाकडे बघून पोरीला एका क्षणात अर्थ कळला. आणि मग तिने जे केलं ते कुणीही सांगितलं नव्हतं. ती बांध ओलांडून गेली आणि पेटतं गवत दोन्ही हातांनी ओढून ओढून मागे टाकू लागली. आईने तिला वेणीला धरून बाहेर खेचलं. त्या वेळी सुद्धा आईच्या तोंडून 'विझव' हा शब्द निघाला नाही, असं ती सांगते. "जिबंवर आलता. आला आन् माघारी गेला. बाहीरच पडंना."

दादांचं अर्धं म्हणणं खरं ठरलं. खालचा ओला थर नुसता धुमसला आणि तळ्यापाशी आग अडली. त्यांची घरं वाचली. झाडं बरीच गेली. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही, दिला असता तर मला बरं वाटलं असतं. वाडीतले लोक दोन्हीकडून बोलले. कुणी म्हणे गोरीने लावली, कुणी म्हणे म्हातारीने. मी दोन्ही तऱ्हेच्या लोकांशी भांडले.

वेल्ह्याला पट्ट्या बांधल्या आणि मग तिला भोरला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कातडी येईल, पण उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. मी आईला सांगताना 'मूठ' हा शब्द टाळायला बघत होते. तिने स्वतःच विचारलं, "मूठ वळंल का?"

तिसऱ्या दिवशी, आई भोरच्या दवाखान्यात आलेली असताना, पोरीच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल मी धरला होता. तिकडे एक पांढऱ्या दाढीचा माणूस स्वयंपाकघरात उभा होता, खिडकीबाहेर अजून बर्फ होतं. ते माझ्या आईचे आभार मानत होते. तुम्ही माझ्या मुलीला आगीतून ओढून काढलंत, म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं. आईने मोबाईलकडे पाहिलंच नाही. ती जमिनीकडे बघत सलग बोलत गेली. "त्यास्नी सांग, चूक माज्या जिबंची हाय. आमच्याकडं वंगाळ बोलत न्हाईत. म्या आयुष्यभर वंगाळ शब्द घरात येऊ दिला न्हाई. म्हंजी घर राखलं असं मला वाटलं. आन् पोर माजा शब्द मानून गेली. तिनं शब्द मानला, सांग. ती चुकली न्हाई."

मी मराठीची शिक्षिका. इंग्रजीही बरं बोलते. पण जी भाषा वाढवणं आणि विझवणं एकाच शब्दात ठेवते, ती त्या माणसाला मी त्या क्षणी कशी समजावणार होते? मी म्हटलं की ऐकण्यात गैरसमज झाला आणि आईला फार वाईट वाटतंय.

आईने मान वर केली. "एवढंच? म्या एवढं बोलले आन् तू दोन शब्दांत सारवलंस?"

मी मोबाईल पोरीकडे वळवला. पलंगावरून पोरगी बोलली, तिच्या भाषेत, बराच वेळ. तिकडे वडील ऐकत होते आणि मध्येच त्यांनी डोळ्यांवर हात धरला. ती काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा वाडीला गेले तेव्हा आई चुलीपुढे होती. डबा पुढे ढकलून म्हणाली, "मीठ संपलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"संपलं. मीठ संपलं. आणशील तवा आण."

जेवण झाल्यावर म्हणाली, "चूल विझीव." सहज, पाट उचल म्हणावं तसं. आयुष्यभर मी तिच्या त्या शब्दांना हसले होते, आणि आता ते गेले तर घराचं दार काढून नेल्यासारखं वाटलं. आता कुणीही आत यावं. मी म्हणाले, "आई, असं नको बोलूस." ती म्हणाली, "का गं? झाकून बोलून काय राखलं म्या? पोरीचं हात राखलं?" दिवसभर ती तशीच बोलत राहिली. साप निघालता. बिबट्या आलता. तुजा बाप मेला त्या वर्षी असाच उन्हाळा व्हता. एकेक शब्द बाहेर पडायचा आणि मी दाराकडे बघायचे. खरं सांगते, मला भीती वाटत होती. अजूनही वाटते.

पुढचे उपचार घरी जाऊन करायचे असं पोरीच्या कॉलेजने ठरवलं. आवणीला अजून बराच अवकाश होता. निघायच्या दिवशी मळ्याची गाडी खाली रस्त्यावर उभी होती, दादा स्वतः चालवणार होते. ती आमच्या अंगणात आली. हातांवर पातळ सुती मोजे. आईने तिच्यासाठी नव्या हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या, पण त्या मोज्यांवरून चढेनात. मग तिने त्या फडक्यात बांधून पोरीच्या पिशवीत घातल्या. पोर वाकून पाया पडली. उभी राहिली तेव्हा तिने उजवा हात आईसमोर धरला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. अंगठा हलला. बाकीची बोटं निम्म्यावर थांबली. "थोडं थोडं येतंय," ती म्हणाली. "पुढच्या आवणीला होईल."

आईने तो अर्धवट मिटलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ सोडला नाही. मग सोडला.

पोर पायऱ्या उतरली, वळली, आणि मी शिकवलं होतं अगदी तसं म्हणाली, "येते, आई."

आई म्हणाली, "जा."

माझ्या तोंडून निघणारच होतं, अगं ये म्हण. पण पोरीने आईकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं आणि मान हलवली. तिला झाकलेला आणि उघडा, दोन्ही अर्थ येत होते. या वेळी आईचा कोणता, ते तिने विचारलं नाही.